हक्काचा खटारा

अहो, जरा अशा इकडे कुंपणाशी या. गेट नका उघडू, ते करकरतं, आणि पलीकडे माईंचे कान म्हणजे... जाऊ दे. ऐकलंत का? शेजारच्यांची ती टाटामोबाईल पास झाली! अहो, आरटीओचं पासिंग! ब्रेक, हँडब्रेक, दिवे, धूर, सगळं तपासून कागद हातात दिला. मार्चमध्ये आपण जिला भंगार म्हटलं, तिच्या तोंडावर आता पिवळी नंबरप्लेट आहे. तीच ती नवी, जिच्यासाठी तुमच्या ह्यांनी उन्हात तास काढला आणि घरी येऊन तुमच्यावर राग काढला. ऐकू येतं हो सगळं, भिंती कुठे एवढ्या जाड आहेत.

तर काय सांगत होते... हां, ती आली तो दिवस आठवतोय ना? क्रेनला लटकून, पुढची चाकं हवेत. मोशीहून स्पाइन रोडनं आणली म्हणे, रहदारीला वळसा घालून. आपल्या निगडी प्राधिकरणाच्या गल्लीत ते धूड वळलं तेव्हा कोपऱ्यावरच्या कुलकर्णीकाकूंनी घाईघाईनं स्वतःची कुंडी आत घेतली. पत्रा कसला, नुसती जाळी. हौद्याच्या तळातून खालचा रस्ता दिसत होता. मागचा फाळका तारेनं बांधलेला. आणि सीटखाली काय निघालं सांगू? कोंबडीचं घरटं! त्यात एक अंडं शाबूत. नारायणगावापासून साठ-पासष्ट किलोमीटर धक्के खात आलं आणि फुटलं नाही. नात ते ओंजळीत घेऊन घरभर फिरली, आणि माई दारात उभ्या. चेहरा असा, की सत्यनारायणाच्या पूजेला कुणी चपला घालून आत आलंय.

थोरल्या सूनबाईंच्या माहेरची ना ती गाडी. वडिलांची. 1990 सालची. आता पुढचं सांगते, पण माझं नाव कुठे घेऊ नका. नारायणगावला त्यांची जमीन आहे, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. तिथे आता काय भाव आहे ते मी तुम्हाला सांगायला नको, तुमची नणंद त्याच पट्ट्यात. तर वडील गेले, वर्षश्राद्ध झालं, आणि भावांनी विषय काढला. ताई, हक्कसोडपत्र करून टाकू. अगदी गोड बोलून, पुरणपोळी वाढता वाढता. ही बाई शांतपणे म्हणाली, बाभळीखाली बाबांची गाडी पडलीय ना, ती मला द्या. भावांनी म्हणे एकमेकांकडे असं पाहिलं... भंगारवाला तिला वजनावर मागत होता आणि हे लोक पाचपन्नास रुपयांसाठी अडून बसले होते. दुसऱ्याच दिवशी क्रेन ठरवली. भाडंसुद्धा त्यांनीच भरलं!

मग आपण काय समजणार? सौदा झाला. जमीन सोडली आणि खटारा घेतला. हे मी एकटी नाही म्हणत, सगळी गल्ली म्हणत होती. म्हणजे आधी मी म्हटलं, मग गल्ली.

आणि का नाही म्हणणार? आपल्या महाराष्ट्रात 1994 साली मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांच्या बरोबरीनं वाटा मिळाला, पण लग्न झालेल्यांना त्यातून वगळलं होतं. 2005 साली दिल्लीचा कायदा बदलला तेव्हा कुठे लग्न झालेल्यांनाही आला. आणि मी बाई? मी 2006 साली सही करून आले. कायदा माझ्या बाजूनं असताना! भाऊ म्हणाला, आक्का, माहेर तुटायला नको. बदल्यात पैठणी मिळाली. वीस वर्षांत तीनदा नेसले. म्हणून म्हटलं, हिनं निदान चाकं असलेलं काहीतरी घेतलं.

बरं, तो विषय राहू दे. सूनबाईंच्या सासऱ्यांची, अण्णांची गंमत ऐका. गाडी दारात उभी राहिली आणि अण्णांची छाती अशी फुगली! म्हणे, ही आमच्या टेल्कोची, इथल्याच पिंपरीच्या कारखान्यातली, माझ्या डोळ्यांसमोर लाइनवरून उतरलेली. 2003 पासून कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं, पण अण्णांच्या तोंडी टेल्कोच. 407 आली 1986 ला, ही टाटामोबाईल 1988 ला, आणि नंतर 1991 ची ती सिएरा ह्याच गाडीच्या पोटातून निघाली, हे सगळं त्यांना पाढ्यासारखं पाठ. 89 च्या संपाची गोष्ट तर येणारच. शनिवारवाड्यावरचं उपोषण, पोलीस, पहाटे भरून नेलेल्या बसगाड्या. आणि शेवटी एकच वाक्य, ही संपानंतरची गाडी आहे, हिचे बोल्ट घट्ट असणार.

आता खरं सांगू? अण्णा टेल्कोत होते, अगदी बरोबर. पण टाइम ऑफिसात! कोण किती वाजता आत आलं ते लिहायचे. पाना हातात धरलेला मी तरी एकदाच पाहिला, तोही गिझरच्या वेळी, आणि त्यानंतर त्यांच्याकडे तीन दिवस पाणी नव्हतं.

बोल्ट मात्र घट्ट निघाले हं. गंजून घट्ट! पहिला रविवार सगळा एका बोल्टावर गेला. अण्णांनी जोर लावला, धाकट्या लेकानं लावला, मग पान्याला लोखंडी पाइप अडकवून दोघांनी मिळून लावला, आणि काडकन आवाज आला. मला वाटलं निघाला. कुठला निघतोय, मुंडकंच तुटलं. धाकटा हिंजवडीत कॉम्प्युटरवाला, तो मोबाईलवर व्हिडिओ लावून बसलेला. त्यातला परदेशी माणूस दोन मिनिटांत बोल्ट काढून दाखवत होता. आमच्याकडे दोन तास. शेवटी भोसरीच्या एका गॅरेजचे मिस्त्री आले, वयस्कर, विडी कानावर. त्यांनी आधी चहा मागितला. मग गॅसच्या ज्योतीनं बोल्टाच्या भोवतीचं लोखंड तापवलं, वरून तेल सोडलं, थोडं थांबले, आणि बाळाचं टोपडं काढावं तसा फिरवून काढला. अण्णा म्हणाले, आम्ही सैल करून ठेवला होता म्हणून. मिस्त्री काही बोलले नाहीत. विडी दुसऱ्या कानावर ठेवली.

इंजिन तर पूर्ण धरलेलं. चार सिलेंडरचं डिझेल, 1,948 सीसी, हे मला आता झोपेतसुद्धा सांगता येईल इतक्यांदा ऐकलंय. पावसाचं पाणी आत जाऊन पिस्टन जाम. मिस्त्रींनी नोझल काढले, भोकांतून आत तेल ओतलं आणि म्हणाले, आठ दिवस हात लावायचा नाही. मुरू द्या. माई म्हणाल्या, लोणचं आहे का? मिस्त्री म्हणाले, लोणचंच समजा, रोज फक्त पान्यानं थोडं हलवून बघायचं, जबरदस्ती नाही. ते काम लागलं नातीकडे. डिप्लोमाला आहे ना ती, मेकॅनिकलला. रोज कॉलेजला जाताना पुलीचा नट अर्धा इंच मागे-पुढे करायची. नवव्या दिवशी ती ओरडली, फिरलं! मी इथे भाजीला फोडणी घालत होते. मोहरी करपली माझी.

मग पुढे काय काय झालं सांगू... चेसिस घासली, रेड ऑक्साइड मारलं. कमानपाटे सोडवून एकेक घासले, दोन तुटलेले निघाले. डिझेलच्या टाकीत मूठभर नट आणि थोडं डिझेल घालून दोन्ही भावांनी ती टाकी झोळीतल्या बाळासारखी हलवली, आतला गंज निघावा म्हणून. खळ्ळ खळ्ळ, खळ्ळ खळ्ळ, दुपारी दोन वाजता! माझी वामकुक्षी गेली ती गेलीच. काच वर-खाली करायचा हँडल कुठेच मिळेना, तो सापडला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात. तिथे कसं, रविवारी आणि बुधवारीच जायचं, आणि भाव न विचारता आधी दुसरीच वस्तू हातात घ्यायची. थोरला सरळ जाऊन म्हणाला, अरे वा, हाच पाहिजे होता! दिले मग तिप्पट. माई आठवडाभर बोलल्या नाहीत त्याच्याशी.

रंगाचं महाभारत तर तुमच्याही कानावर आलंच असेल. अण्णांना पांढरी हवी, कंपनीतून निघाली तशी. धाकट्याला मॅट काळी. धाकटी सून म्हणाली, ते पिस्तासारखं असतं ना, फोटोत छान दिसतं. माईंनी शेंदरी म्हटलं, त्यांचं सगळं शेंदरीच. पेंटर बिचारा लांबी भरून, पाणीपेपरनं घासून, चार दिवस हात बांधून बसलेला. थोरल्या सूनबाई तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी स्वयंपाकघरातून आल्या, दाराच्या आतल्या कोपऱ्यात बिजागरीपाशी नखानं खरवडलं. पांढऱ्याखाली निळा. म्हणाल्या, बाबांनी दुसऱ्याच वर्षी निळी करून घेतली होती, पांढऱ्यावर टोमॅटोचे डाग दिसतात. मग पुढे कधीतरी भावांनी पुन्हा पांढरा मारला. निळीच करायची.

अण्णांचा चेहरा पडला, पण बोलणार काय?

आणि हो, ते डॅशबोर्डचं राहिलंच. कप्पा उघडेना, किल्ली हरवलेली. नातीनं स्क्रू ड्रायव्हरनं उचकटला तर आतून उंदरांनी कुरतडलेल्या कागदांचा गठ्ठा. मार्केट यार्डाच्या पट्ट्या! गुलटेकडीच्या आडत्यांच्या. इतकी खोकी, इतका भाव, मग खाली वजाबाकी. हमाली, तोलाई, आडत. ह्या बाईनं एक पट्टी उजेडात धरून वाचली. 1993 ची. सगळं वजा जाऊन हाती त्रेचाळीस रुपये. तेवढ्यात डिझेलसुद्धा येत नाही म्हणाली, तो दिवस आठवतोय मला. मी शाळेची सुट्टी म्हणून बाबांबरोबर गेले होते. येताना त्यांनी मंचरला भजी घेऊन दिली, आणि स्वतः म्हणाले मला भूक नाही.

मी कुंपणाच्या ह्या बाजूला होते. तुळशीला पाणी घालत. घातलेलंच होतं सकाळी, तरी पुन्हा घातलं.

तर त्या सोळा-सतरा वर्षांच्या होईपर्यंत बापाबरोबर रात्री बाजाराला जायच्या म्हणे. थोरली मुलगी, भाऊ लहान. रात्री अकराला माल भरायचा, खेडच्या घाटात ट्रकांमागे तिष्ठत बसायचं, पहाटे यार्डात. बापाला झोप येऊ नये म्हणून शेजारी बसून बडबडायचं हे हिचं काम. आता मला सांगा, इतकी वर्षं शेजारी राहते मी, ह्यातलं एक अक्षर मला माहीत असू नये? मला!

आता खंडेनवमीचा दिवस. तुम्ही गावाला होतात, तुमचं चुकलं. इंजिनाचं काम होऊन आलेलं, नव्या रिंगा, नवे बेअरिंग, हेडचं काम, पंप कॅलिब्रेशन करून. निळी गाडी अशी चमकत होती की अण्णांनी आरशात बघून केस विंचरले. झेंडूचं तोरण, चाकाखाली लिंबं, पाटावर नारळ. मिस्त्री मात्र नव्हते, त्यांच्या गॅरेजात त्यांची पूजा. अण्णा म्हणाले, त्यांची काय गरज आहे, मी आहे ना. बसले स्टिअरिंगवर. किल्ली फिरवली. घर्र, घर्र, घर्र. काही नाही. पुन्हा. घर्र... घर्र... बॅटरी रडायला लागली. समोरचे जोशीबुवा गच्चीवरून म्हणाले, धक्का द्यायचा का अण्णा? असं म्हणाले की त्यात मदत कमी आणि... तुम्ही ओळखता त्यांना. धाकटा फोनवर व्हिडिओ शोधतोय. धाकटी सून सेल्फी काढायची थांबली. माईंनी पेढ्यांच्या ताटावर हळूच रुमाल टाकला.

आणि थोरल्या सूनबाईंनी साडीचा पदर खोचला. नवी साडी हो, अबोली रंगाची! नातीला म्हणाल्या, पाना आण. बॉनेट वर, ह्या वाकल्या. फिल्टरवरचा एक छोटा स्क्रू सैल केला आणि बाजूचा तो हातपंप अंगठ्यानं दाबायला लागल्या. पुच पुच पुच. त्या स्क्रूपाशी काय निघावं? फेस! साबणासारखा. म्हणाल्या, एअर धरलीय, टाकी काढून बसवली की अशीच धरते. दाबत राहिल्या. फेस कमी झाला, बुडबुडे आले, मग एकेक बुडबुडा, आणि मग नुसतं स्वच्छ डिझेल, धार लागली. दाबता दाबताच स्क्रू घट्ट केला. हात साडीला पुसला, अबोलीवर ठसा उमटला, बघितलंसुद्धा नाही. अण्णांना म्हणाल्या, हीटर धरा. वीस मोजा. अण्णा बारावरच किल्ली फिरवायला गेले, तर म्हणाल्या, अण्णा, वीस.

आयुष्यभर दुसऱ्यांची वेळ लिहिणारा माणूस. वीसपर्यंत मोजले मुकाट्यानं.

लागली! धडधड धडधड, आधी एका बाजूनं लंगडत, मग सगळी. आणि धूर! पांढरा लोट उठला तो थेट माझ्या दोरीवर. दोन पांढऱ्या चादरी होत्या, आजही बघा, तो करडेपणा गेलेला नाही. पण मी काही बोलले नाही. त्यांच्या घरात एक माणूस बोलत नव्हतं. नात तेवढी आईकडे बघत होती, एखाद्या पाहुण्या बाईकडे बघावं तशी.

मग तीन महिने कागदपत्रांत गेले. अण्णांना मध्येच कुणीतरी डोक्यात भरवलं की ही व्हिंटेज गाडी, हिला वेगळा नंबर मिळतो. चार दिवस गल्लीभर सांगत होते, व्हिंटेज, व्हिंटेज. त्यांच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपातल्याच कुणीतरी हवा काढली. 2021 च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं पूर्ण लागतात अण्णा, आणि ती रोज वापरता येत नाही, धंद्याला तर नाहीच. ही अजून चाळिशीसुद्धा ओलांडलेली नाही. तेव्हा जमा झाली ती वाहतुकीच्या गाड्यांतच, पासिंग, पर्यावरण कर, सगळं भरून. एकूण साडेतीन लाख गेले असं धाकटी सून मला म्हणाली, थोरली म्हणते अडीच. खरं मधे कुठेतरी.

आता खरी बातमी. ह्यासाठीच तर तुम्हाला हाक मारली, तुम्हीच मला दुसरीकडे नेता.

काल रविवार. दुपारी कोण आलं असेल? दोघे भाऊ! नारायणगावाहून, नव्या पांढऱ्या एसयूव्हीतून. सोबत द्राक्षांची पेटी, मिठाईचा डबा, आणि थोरल्याच्या काखेत प्लास्टिकची फाइल. फाइल बघितली आणि मला उमगलं. म्हणजे सही अजून झालेलीच नव्हती! दहा महिने आपण ज्याला सौदा म्हणत होतो तो ह्यांच्या डोक्यात झाला होता, कागदावर नाही. गाडी त्यांनी आधी पाठवून दिली, सही नंतर घेऊ म्हणून. गोड करून ठेवायला.

मी ओट्यावर गहू निवडत बसले. निवडलेलेच होते.

तिनं आधी पोटभर जेवू घातलं. मग म्हणाली, चला, बाबांच्या गाडीतून चक्कर मारू. लायसनही काढलं होतं गुपचूप, माईंनासुद्धा पत्ता नाही! दोघांना शेजारी कोंबून बसवलं, पुढच्या सीटवर, लहानपणी बसायचे तसं. भक्ती-शक्ती चौकापर्यंत नेऊन आणलं. जाताना धाकटा भाऊ हसत होता. येताना हसत नव्हता. बाहेर बघत होता खिडकीतून, तो तिप्पट किमतीचा हँडल हातात धरून.

चहा झाला. थोरल्यानं घसा साफ केला, फाइल उघडली, म्हणाला, ताई, ते तेवढं. तिनं चष्मा लावला, सगळं वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या साक्षीदारापर्यंत. मग कागदाच्या कडा जुळवून परत फाइलीत घातला आणि म्हणाली, गाडी मी मागितली होती रे. जमीन सोडते असं कधी म्हटलं होतं?

थोरल्याच्या हातातला कप तिथेच राहिला. अण्णा एकदम उठून आत गेले, पाणी प्यायला. आणि माई! आपल्या माई, ज्यांनी त्या अंड्यावरून दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं, त्या म्हणाल्या, आणखी थोडा चहा टाकू का तुम्हाला?

फाइल होती तशीच नारायणगावला परत गेली. द्राक्षांची पेटी इथेच आहे, त्यातली अर्धी मला दिली तिनं, कुंपणावरून. घ्या, तुम्हीही घ्या थोडी.